‘पत्र पाठव’ या आज्ञेची उलटतपासणी

घोटावडे हे मुळशी तालुक्यातले गाव. पूर्वेला माण आणि हिंजवडीची संगणक-नगरी, पश्चिमेला ताम्हिणीच्या घाटाकडे जाणारा डोंगराळ मुलूख. या पट्ट्यात पश्चिमेकडे जावे तसा पाऊस वाढत जातो. हा वाढता पाऊस मुलांनी स्वतः मोजावा, अशी कल्पना घोटावडे परिसरातील एका शाळेच्या विज्ञान शिक्षकांनी काढली. पौड रस्त्यावरच्या आणखी तीन-चार शाळा तयार झाल्या. रोज सकाळी साडेआठ वाजता पर्जन्यमापक पाहायचा, मिलिमीटरचा आकडा वहीत लिहायचा आणि दर शनिवारी आठवड्याचे आकडे ई-मेलने एकमेकांना कळवायचे, असे ठरले.

दर शनिवारी कोणी पत्र टंकत बसू नये म्हणून ते काम संगणकाने आपणहून करावे, अशी सूचना आम्ही केली. ज्या आज्ञा एरवी आपण एकेक करून देतो त्या क्रमाने एका फाइलमध्ये लिहून ठेवल्या की झाली ‘स्क्रिप्ट’. आकडे वाचायचे, पत्राचा मजकूर तयार करायचा, पाठवायचे. जेमतेम दहा ओळींचे काम. आमच्या प्रयोगशाळेतल्या लिनक्स संगणकावर आम्ही ते एका दुपारी केले आणि चाचणीची पत्रे बिनबोभाट पोचली. शाळेतल्या संगणकावर विंडोज होते. ‘आज्ञा थोड्या बदलाव्या लागतील’, एवढेच तेव्हा आमच्या मनात आले.

पुढे तीन गोष्टी घडल्या. पहिल्या शनिवारी विषयाच्या जागी ‘पाऊस’ या शब्दाऐवजी चार प्रश्नचिन्हे गेली. दुसऱ्या शनिवारी पावसाने वीज आणि इंटरनेट दोन्ही गेले, आणि त्या आठवड्याचे पत्र कधीच पोचले नाही. तिसऱ्या वेळी पत्र पोचले, पण आकडे चुकीचे होते. समोरच्या शाळेने कळवले की बेरीज जुळत नाही, तुमच्या मुलांना पर्जन्यमापक वाचता येत नसावा. त्या आठवड्याची नोंद सातवीतल्या एका मुलीने केली होती. ती वही घेऊन आमच्यापुढे उभी राहिली आणि म्हणाली, “सर, माझ्या वहीत टिंब आहे.”

खरोखरच होते. तिचे मोजमाप बिनचूक होते. टिंब आमच्या स्क्रिप्टने हरवले होते. मुलीचा काही दोष नसताना तिच्यावर ठपका आला, म्हणून या विषयाकडे ‘किरकोळ तांत्रिक फरक’ म्हणून पाहणे आम्ही सोडून दिले. ‘पत्र पाठव’ ही एकच आज्ञा वेगवेगळ्या कार्यप्रणालींमध्ये वेगवेगळा अर्थ कशी धारण करते आणि तो फरक वापरणाऱ्यापासून कसा लपवला जातो, याची ही टीका आहे. तिच्यात आमच्यावरची टीकाही आलीच.

घरात टपालघर असलेला संगणक

युनिक्स ही कार्यप्रणाली १९६९ पासून बेल प्रयोगशाळेत घडली. एका संगणकावर अनेक माणसे काम करीत. त्यामुळे एकाने दुसऱ्यासाठी निरोप ठेवण्याची सोय १९७१ च्या पहिल्या आवृत्तीपासूनच तिच्यात होती. पुढे संगणक एकमेकांना जोडले गेले, तेव्हा बर्कली विद्यापीठात एरिक ऑलमन यांनी ‘सेंडमेल’ हा कार्यक्रम लिहिला. त्याने प्रत्येक युनिक्स संगणकात जणू एक टपालघरच बसवले. स्क्रिप्टने करायचे एवढेच, की पत्र या टपालघराच्या खिडकीत द्यायचे आणि आपल्या कामाला लागायचे. पत्ता शोधणे, पलीकडच्या संगणकाशी बोलणे हे सारे टपालघर पाहते. पलीकडचा संगणक बंद असेल तर ते पत्र रांगेत ठेवते आणि पुन्हा पुन्हा प्रयत्न करते. सेंडमेलमध्ये, आणि वित्से वेनेमा यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘पोस्टफिक्स’मध्येही, ही चिकाटी वेगळी सूचना नसेल तर ५ दिवस टिकते. त्यानंतर ‘पत्र पोचले नाही’ असा निरोप पाठवणाऱ्याला मिळतो.

आपल्याकडच्या ई-मेलचा आरंभही या वळणाचा आहे. १९८६ साली सुरू झालेल्या ‘अर्नेट’ या शैक्षणिक जाळ्यात पाच आयआयटी, बंगलोरची भारतीय विज्ञान संस्था, दिल्लीचा इलेक्ट्रॉनिक्स विभाग आणि मुंबईत जुहू येथे असलेली एनसीएसटी अशा आठ संस्था होत्या. प्रारंभी ही पत्रे साध्या टेलिफोन लाइनवरून जात. लाइन सतत जोडलेली नसे, म्हणून पत्रे साठवून ठेवायची आणि लाइन लागली की पुढे सरकवायची, अशी पद्धत होती. सामान्य नागरिकांना विदेश संचार निगमची इंटरनेट सेवा मिळू लागली ती १५ ऑगस्ट १९९५ पासून. म्हणजे आपल्या देशात ई-मेल रुजली ती अखंड जोडणीच्या भरवशावर नव्हे, तर रांगेच्या भरवशावर. मुळशीच्या पावसाळ्यात ही गोष्ट आजही विसरून चालत नाही.

टपालघर नसलेला संगणक

विंडोजचा वंश वेगळा. तिचा पूर्वज म्हणजे १९८१ चा एमएस-डॉस. तो एका टेबलावर एका माणसासाठी असलेला संगणक होता. एकट्या माणसाच्या घरात टपालघर कशाला? पत्र पाठवायचे तर माणूस स्वतः ई-मेलचा कार्यक्रम उघडेल आणि बटण दाबेल, हे तिथले गृहीत. शाळेत असतात त्या विंडोज १० किंवा ११ मध्ये सेंडमेलसारखे काही नसते. स्क्रिप्टला दूरच्या मेल सर्व्हरशी स्वतः संधान बांधावे लागते. पॉवरशेलमधील ‘सेंड-मेलमेसेज’ ही २००९ मध्ये आलेली आज्ञा तेच करते. संधान बांधले गेले नाही तर ती चूक दाखवते आणि थांबते. रांग नाही, पुन्हा प्रयत्न नाही. शनिवारी संध्याकाळी संगणकाच्या पडद्यावर उमटलेला तो लाल मजकूर पाहायला शाळेत कोणी नसते. आमचे दुसऱ्या शनिवारचे पत्र असेच गेले. टपालघरात ते वीज आल्यावर निघाले असते. इथे ते निघण्याआधीच संपले.

मायक्रोसॉफ्टने नंतर ही आज्ञा कालबाह्य ठरवली. तिच्यातून सुरक्षित जोडणीची हमी देता येत नाही, असे कारण दिले आणि नवी तशीच आज्ञा मात्र दिली नाही. विंडोजच्या ‘टास्क शेड्यूलर’मधील ई-मेल पाठवण्याची सोयही विंडोज ८ पासून कालबाह्य ठरवली गेली. युनिक्समध्ये ठरल्या वेळी काम करणारा ‘क्रॉन’ मात्र, कामातून काही मजकूर निघाला तर तो मालकाला आपणहून पत्राने कळवतो. एका घरात पत्र ही भिंतीत बांधलेली सोय आहे, तर दुसऱ्यात दारावर येणारा आणि केव्हाही बंद होणारा विक्रेता.

मॅक संगणकाची गोष्ट या दोहोंच्या मधली. त्याच्या आजच्या कार्यप्रणालीचा पाया युनिक्सचा. २००३ च्या ‘पँथर’ आवृत्तीत ॲपलने सेंडमेल काढून पोस्टफिक्स घातले. पण मॅकवर रुळलेली दुसरी रीत म्हणजे ॲपलस्क्रिप्ट. तिच्यात स्क्रिप्ट सर्व्हरशी बोलत नाही. ती ‘मेल’ या कार्यक्रमाला माणसासारखी सांगते, ‘नवे पत्र कर, हा पत्ता घाल, पाठव’. सोपे आहे, पण मग माणूस संगणकावर खाते उघडून बसलेला असावा लागतो. २०१८ च्या ‘मोहावी’ आवृत्तीपासून अशा हुकुमाला आधी वापरणाऱ्याची परवानगीही लागते. सुरक्षेच्या दृष्टीने ते योग्यच आहे. पण परवानगीची चौकट पडद्यावर आणि शाळेला सुट्टी, असे झाले की पत्र अडकलेच.

हरवलेले टिंब

आता त्या मुलीच्या टिंबाकडे वळू. दोन अपयशांनंतर आम्ही तयार आज्ञा बाजूला सारली आणि मेल सर्व्हरशी थेट बोलणारी स्क्रिप्ट स्वतःच लिहिली. त्यात थोडा अहंकार होता, हे कबूल करतो.

मेल सर्व्हरशी बोलण्याची भाषा म्हणजे एसएमटीपी. जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८२ मध्ये तिचे नियम प्रसिद्ध केले. ही भाषा साध्या शब्दांची आहे. आपण ‘डेटा’ म्हटले की सर्व्हर ‘पाठवा’ म्हणतो. मग मजकूर ओळीने जातो. मजकूर संपला हे सर्व्हरला कसे कळणार? एका ओळीत फक्त एक टिंब पाठवले की पत्र संपले, असा नियम आहे. पण पत्राच्या मजकुरातच एखादी ओळ टिंबाने सुरू होत असेल तर घोटाळा होईल. म्हणून दुसरा नियम केला : पाठवणाऱ्याने अशा ओळीच्या आरंभी आणखी एक टिंब जोडावे आणि घेणाऱ्याने पहिले टिंब काढून टाकावे. जोडणे आणि काढणे ही जोडी पुरी झाली तर मजकूर जसाच्या तसा राहतो.

लिनक्सवर हे टिंब जोडण्याचे काम टपालघर करीत होते, म्हणून आम्हाला त्याची गरजच कळली नव्हती. विंडोजवर टपालघराचे काम आमच्या स्क्रिप्टकडे आले आणि आम्ही ते केले नाही. सर्व्हरने मात्र आपले काम चोख केले. त्याने प्रत्येक ओळीचे पहिले टिंब काढले.

मुलांनी सात दिवसांचे आकडे एकाखाली एक लिहिले होते : १२.४, .८, ०, ३.२, .६, २१, ७.५. बेरीज ४५.५ मिलिमीटर. पोचलेल्या पत्रात .८ चे ८ आणि .६ चे ६ झाले, आणि बेरीज झाली ५८.१. एवढ्यावर भागले नाही. भारतीय हवामान विभागाच्या व्याख्येप्रमाणे २.५ मिलिमीटर किंवा अधिक पाऊस पडला तर तो ‘पावसाचा दिवस’ धरतात. खऱ्या नोंदीत असे ४ दिवस होते, पोचलेल्या नोंदीत ६. बाकीचे पाच आकडे बरोबर असल्यामुळे चूक यंत्राची असेल अशी शंका कोणालाच आली नाही. सगळेच बिघडले असते तर बरे झाले असते. थोडेच बिघडते तेव्हा संशय माणसावर जातो.

याची दुसरी बाजूही आहे. टपालघर असले म्हणजे टिंबाची चिंता मिटली, असे नाही. सेंडमेलला पत्र देताना ‘-आय’ ही खूण दिली नाही, तर मजकुरातील एकट्या टिंबाची ओळ पत्राचा शेवट समजली जाते आणि पुढचा मजकूर गळतो. युनिक्सचे लोक आपल्या घराच्या शिस्तीचा अभिमान बाळगतात. पण त्याच घरात ‘मेल’ या आज्ञेच्या दोन प्रचलित आवृत्त्यांत ‘-ए’ या खुणेचा एकीकडे अर्थ ‘शीर्षकात ही ओळ घाल’ असा, तर दुसरीकडे ‘ही फाइल जोड’ असा आहे! डेबियनवर चाललेली ओळ रेड हॅटवर तशीच चालेल याची खात्री नाही. तेव्हा फरक केवळ कार्यप्रणालींत नाही, तर एकाच घराण्यातल्या भावाभावांतही आहे.

प्रश्नचिन्हांचे निदान

मराठी शिक्षकांना प्रश्नचिन्हांचा त्रास नवा नाही, म्हणून थोडे त्याविषयी. एसएमटीपी जन्मली ती इंग्रजीच्या १२८ चिन्हांच्या आस्की संचात. मराठी मजकूर आज बहुधा यूटीएफ-८ पद्धतीने साठवतात, आणि तिच्यात देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात. ‘पाऊस’ या शब्दात प, काना, ऊ, स अशी ४ चिन्हे, म्हणजे १२ बाइट. विंडोजसोबत येणाऱ्या पॉवरशेल ५.१ मधील सेंड-मेलमेसेज, वेगळे सांगितले नाही तर, आस्की धरून चालते. ज्या चिन्हाला आस्कीत जागा नाही, त्याच्या जागी ती प्रश्नचिन्ह घालते. चार चिन्हे, चार प्रश्नचिन्हे.

वर्गात उपयोगी पडेल अशी खूण सांगतो. मराठीच्या जागी प्रश्नचिन्हे दिसली तर मूळ माहिती नष्ट झालेली असते. घेणाऱ्याने काहीही केले तरी ती परत येत नाही. पण वर तिरपी रेघ असलेले रोमन ‘ए’ अक्षर पुन्हा पुन्हा दिसत असेल तर बाइट बहुधा शाबूत असतात. फक्त ते चुकीच्या संकेताने वाचले जात असतात. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाचा पहिला बाइट एकच असल्यामुळे ते अक्षर सारखे डोकावते. पहिल्या प्रसंगी पत्र पुन्हा मागवा, दुसऱ्या प्रसंगी वाचण्याचा संकेत बदलून पाहा.

खरी तक्रार कोणती?

कार्यप्रणाली वेगवेगळ्या आहेत, ही आमची तक्रार नाही. त्या वेगवेगळ्या गरजांतून जन्मल्या. तक्रार आहे ती फरक झाकणाऱ्या नावांची. पीएचपी या संगणकभाषेतील ‘मेल’ हे फंक्शन घ्या. असंख्य संकेतस्थळे ते वापरत आली आहेत. नाव एक, लिहिण्याची रीत एक. पण युनिक्सवर ते पत्र सेंडमेलच्या हाती देते आणि विंडोजवर स्वतः सर्व्हरशी बोलते. विंडोजवर त्याला सर्व्हरपुढे नाव आणि परवलीचा शब्द सादर करण्याची सोयच नाही. दोन्हीकडे उत्तर मात्र एकच : ‘खरे’ किंवा ‘खोटे’. आणि ‘खरे’चा अर्थ एवढाच की पत्र पुढे नेण्यासाठी कोणीतरी स्वीकारले. ते पोचले असा नव्हे. हस्तपुस्तिकेत हा इशारा आहे, हे मान्य. पण ज्या शब्दाचा अर्थ समजण्यासाठी तळटीप वाचावी लागते तो शब्द चुकीचा निवडला आहे, असे आमचे मत आहे. विज्ञान शिकवताना आपण वजन आणि वस्तुमान यांत गल्लत होऊ देत नाही. मग ‘स्वीकारले’ आणि ‘पोचले’ यांत का होऊ द्यावी?

याउलट पायथन भाषेतील ‘एसएमटीपीलिब’ पाहा. कोणत्याही कार्यप्रणालीवर ते स्वतःच सर्व्हरशी बोलते, ओळीच्या आरंभीचे टिंब स्वतः सांभाळते, आणि काही पत्ते सर्व्हरने नाकारले तर त्यांची यादी कारणांसह परत देते. ते रांग लावत नाही, पण लावतो असा आवही आणत नाही. चांगल्या साधनाची आमची कसोटी हीच : जे केले नाही ते केल्यासारखे दाखवू नये.

‘म्हणजे युनिक्सची रीत बरी’ असा निष्कर्ष कोणी काढेल, तर तोही घाईचा होईल. घरातले टपालघर ज्या जगासाठी बांधले ते जग एकमेकांवर विश्वास ठेवणाऱ्या संस्थांचे होते. नको असलेल्या पत्रांच्या लोंढ्याने तो विश्वास संपवला. आज घरच्या जोडणीवरून सुटलेले पत्र मोठे सर्व्हर सहसा घेत नाहीत. गूगलने ३० मे २०२२ पासून केवळ परवलीच्या शब्दावर बाहेरच्या कार्यक्रमांना प्रवेश देणे थांबवायला सुरुवात केली, आणि फेब्रुवारी २०२४ पासून पत्र खरोखर त्या पत्त्याच्या मालकाकडूनच आले याचा पुरावा पाठवणाऱ्यांकडून मागायला सुरुवात केली. तेव्हा लिनक्स असो वा विंडोज, स्क्रिप्टला आता ओळख पटवून एखाद्या मान्यताप्राप्त सर्व्हरकडेच जावे लागते. फरक त्यामुळे कमी झाला आहे, पण रांगेचा प्रश्न तसाच आहे.

शाळेत शेवटी आम्ही काय केले? पायथनमध्ये नव्याने लिहिले. दर आठवड्याचे पत्र आधी एका फोल्डरमध्ये फाइल म्हणून ठेवायचे, सर्व्हरने ‘२५०’ असे उत्तर दिले तरच ती फाइल ‘पाठवलेली’ या फोल्डरात हलवायची, नाहीतर तासाने पुन्हा प्रयत्न. हीच आमची छोटी रांग. प्रत्येक पत्राच्या शेवटी आठवड्याची बेरीज, आणि पलीकडच्या शाळेने ती जुळवून पाहिल्यावर उलट पत्र. पोचल्याची खात्री माणसाच्या उत्तरानेच होते. मुलांनीही एक नियम केला : .८ न लिहिता ०.८ लिहायचे. भौतिकीच्या वहीत हा नियम आपण नेहमी सांगतो, पण त्याची किंमत आम्हालाच नव्याने कळली. आणि ज्या शाळेने बेरीज जुळत नाही म्हणून कळवले होते, तिला आम्ही आमच्या नावाने पत्र लिहून मुलीची नोंद बरोबर होती हे सांगितले.

वर्गात करून पाहा

संगणक नसला तरी एसएमटीपी शिकवता येते. एक मुलगा ‘पाठवणारा’ आणि एक मुलगी ‘सर्व्हर’. सर्व्हर ‘२२०’ म्हणून स्वागत करते. पाठवणारा ‘हेलो’ म्हणतो, मग ‘मेल फ्रॉम’ म्हणून आपले नाव आणि ‘आरसीपीटी टू’ म्हणून ज्याला पत्र द्यायचे त्याचे नाव सांगतो. प्रत्येक वेळी उत्तर ‘२५०’. ‘डेटा’ म्हटल्यावर ‘३५४’, म्हणजे मजकूर येऊ द्या. मग एकेक ओळ एकेका चिठ्ठीवर लिहून द्यायची आणि शेवटच्या चिठ्ठीवर फक्त टिंब. सर्व्हर पुन्हा ‘२५०’ म्हणते, ‘क्विट’ला ‘२२१’ म्हणून निरोप देते. सर्व्हरने टिंबाने सुरू होणाऱ्या प्रत्येक ओळीचे पहिले टिंब खोडायचे, हे मात्र पाठवणाऱ्याला आधी सांगू नये.

पुढच्या फेरीत सर्व्हरला ‘४’ने सुरू होणारे उत्तर द्यायला सांगा, म्हणजे तात्पुरती अडचण. त्यानंतरच्या फेरीत ‘५’ने सुरू होणारे, म्हणजे कायमचा नकार. पाठवणाऱ्याने कोणत्या वेळी थांबायचे आणि कोणत्या वेळी पुन्हा यायचे, हे मुलांनाच ठरवू द्यावे. कोणी विचारेल, ‘आणि सर्व्हर जागेवरच नसेल तर?’ तो प्रश्न आला की रांगेची गरज मुलांना कळली असे समजावे.